बोटीवरची भाषा : ठाणे खाडीत शिडाची नाव शिकू पाहणाऱ्यांसाठी

शिडाच्या नावेवर पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या माणसाची पंचाईत वाऱ्यापेक्षा शब्दांनी जास्त होते. ‘शीट सोडा’ असा पुकारा झाला की नवशिका हमखास शिडाला हात घालतो. मराठी कानाला शीट आणि शीड हे जवळजवळ एकच वाटतात, पण शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शिडाला आवरून धरणारा दोर. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांवर याच दोराला दामण म्हणत, आणि दामण हा शब्द लक्षात ठेवला तर हा घोटाळा सहसा होत नाही.

डावे, उजवे, दोर, काठी असे साधे शब्द असताना ही वेगळी भाषा कशासाठी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि तो रास्तही आहे. छोट्या नावेवरसुद्धा पाच-सहा दोर असतात आणि त्यांतला कोणता सोडायचा, हे वाऱ्याच्या आवाजात एका शब्दात कळावे लागते. शिवाय नावेवर कोणी पुढे तोंड करून बसलेला असतो, कोणी आडवा, तर वल्ही मारणारा चक्क मागे तोंड करून बसलेला असतो, त्यामुळे ‘डावीकडे’ म्हटल्यावर प्रत्येक जण आपापल्या डावीकडे पाहतो. म्हणून हे शब्द माणसाला नव्हे, नावेला चिकटवलेले आहेत. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की त्यांची यादी करून पाठांतर करू नये. ज्या क्रमाने वस्तू हाताला लागते, त्याच क्रमाने तिचे नाव शिकावे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी : जमिनीवर उभ्या असलेल्या नावेभोवती फेरी मारणे

पाण्यात उतरण्याआधी नाव ट्रॉलीवर असतानाच तिला हात लावून पाहावे. पुढचे निमुळते टोक म्हणजे बो, आपल्या बोलीतली नाळ. मागची बाजू म्हणजे स्टर्न, आणि तिथली उभी सपाट फळी म्हणजे ट्रान्सम. ट्रान्समवर टांगलेले पाते म्हणजे सुकाणू, आणि ते फिरवण्यासाठी हातात धरायचा दांडा म्हणजे टिलर. टिलर ज्या बाजूला ढकलावा, त्याच्या विरुद्ध बाजूला नाव वळते. हे वाचून समजते, पण हाताला समजायला पाच-सहा फेऱ्या लागतात. म्हणून जमिनीवरच टिलर हलवून सुकाणूचे पाते कुठे जाते, ते वाकून नीट पाहून घ्यावे.

मोठ्या जहाजाच्या तळाला लांबलचक कणा असतो. त्याला कील म्हणतात आणि आपल्याकडचे गलबत बांधणारे त्याला पठाण म्हणत. शिकाऊ नावेला बहुधा कील नसते. त्याऐवजी मधल्या खाचेतून वरखाली करता येणारी एक फळी असते, ती सेंटरबोर्ड. वाऱ्याने नाव आडवी वाहून जाऊ नये म्हणून ही फळी पाण्यात उतरवलेली असते. डोलकाठीला मास्ट म्हणतात आणि तिला काटकोनात जोडलेल्या, शिडाच्या खालच्या कडेला ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्याला बूम म्हणतात. पारंपरिक मचव्यावर शिडाच्या वरच्या बाजूला तिरकी परभाण असते. इथे मात्र आडवा दांडा खाली, थेट डोक्याच्या उंचीवर असतो. त्यामुळे बसल्याबसल्या बूम कुठे आहे याची जाण सतत असावी. ज्यांनी कधीच नाव हाताळलेली नाही, त्यांनी आधी मासुंदा तलावावर एखादी फेरी मारून यावी. वारा, भरती, लाटा यांचा जाच नसताना बो कुठे वळते आणि स्टर्न कशी मागून फेकली जाते, हे तिथे शांतपणे पाहता येते.

दुसरी पायरी : पोर्ट आणि स्टारबोर्ड

स्टर्नकडे उभे राहून बोकडे तोंड केले की डाव्या हाताची बाजू पोर्ट आणि उजव्या हाताची स्टारबोर्ड. आपण नंतर कुठेही तोंड फिरवले तरी या बाजू बदलत नाहीत. फार पूर्वी सुकाणू मागे मधोमध नसून उजव्या कडेला लावलेल्या वल्ह्यासारखे असे. ती सुकाणूची बाजू म्हणून स्टारबोर्ड. सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून नाव डाव्या बाजूने धक्क्याला लावत, म्हणून ती बंदराची बाजू, म्हणजे पोर्ट. पूर्वी डाव्या बाजूला इंग्रज खलाशी लारबोर्ड म्हणत, परंतु तो शब्द स्टारबोर्डसारखाच ऐकू येत असल्याने 1844 साली ब्रिटिश आरमाराने आदेश काढून तो बंद केला. दोन शब्दांच्या सारखेपणामुळे आरमाराला आदेश काढावा लागला, यावरून या भाषेत स्पष्टतेला किती मोल आहे ते लक्षात यावे.

रात्री पोर्ट बाजूला लाल दिवा असतो आणि स्टारबोर्ड बाजूला हिरवा. मी नव्या मुलांना असे सांगते की हृदय डावीकडे असते, त्यात रक्त असते आणि रक्त लाल असते. हे एकदा ऐकलेले मूल सहसा चुकत नाही. आपल्या बंदरांतल्या बोयांनाही हीच जोडी लागू पडते : समुद्राकडून आत येताना लाल बोया पोर्टला ठेवायचा आणि हिरवा स्टारबोर्डला, बाहेर जाताना अर्थातच उलट.

तिसरी पायरी : दोर आणि गाठी

शीड वर चढवणारा दोर तो हॅलियार्ड आणि शीड आत-बाहेर करणारा दोर ती शीट. नाव धक्क्याला बांधण्याचा बोवरचा दोर म्हणजे पेंटर. ज्याला दोर अडकवायचा, ती दोन शिंगांची खुंटी म्हणजे क्लीट. सुरुवातीला एवढे पुरेसे आहे. शीट हातात धरताना ती तळहाताला गुंडाळून घेण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. झोत आला की दोर हात करकचून आवळतो आणि सोडावा म्हटले तरी सुटत नाही.

गाठी तीनच शिकाव्यात, पण डोळे मिटून बांधता येतील इतक्या. शीट कप्पीतून निसटून जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला आठच्या आकड्यासारखी गाठ. खांबाला झटपट अडकवण्यासाठी क्लोव्ह हिच, म्हणजे एकमेकांवर तिरके येणारे दोन वेढे. आणि सर्वांत महत्त्वाची बोलाइन, जिचा फास आवळत नाही आणि कितीही ताण येऊन गेला तरी नंतर सहज सुटतो. दोराचा लांब भाग खाली आणि टोकाकडचा भाग वर येईल असा एक छोटा वेढा करावा, मोकळे टोक खालून त्या वेढ्यातून वर काढावे, लांब भागाच्या पाठीमागून फिरवावे आणि पुन्हा त्याच वेढ्यातून खाली घालून ओढावे.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे. शिकायला लागले त्या वर्षी नवी मुंबईतल्या एका जेटीवर ऐन भरतीच्या वेळी मी आमची छोटी नाव पुढून-मागून आखूड दोरांनी, गाठीवर गाठ मारून, अगदी घट्ट बांधली आणि समाधानाने वर चहाला गेले. तीन तासांनी परत आले तेव्हा पाणी दोन मीटरहून अधिक खाली गेले होते आणि नाव जेटीच्या कडेला दोन दोरांवर तिरकी लटकत होती. आतले सामान चिखलात पडले होते, क्लीट फळीतून उपटून निघण्याच्या बेतात होती आणि सगळे वजन पेलणाऱ्या त्या गाठी नखांनी तर सोडाच, पकडीनेही हलेनात. शेजारी जाळे आवरत बसलेल्या एका वयस्कर तांडेलकाकांनी चार जणांना हाक मारून नावेला खालून आधार द्यायला लावला आणि सुरीने दोर कापला. मग मला जवळ बसवून ते म्हणाले, “पोरी, दोर बांधताना बोट नको बघू, पाणी बघ.” त्यांनी त्याच कापलेल्या तुकड्यावर माझ्याकडून ती फासाची गाठ दहा वेळा बांधून घेतली. मला ती पुस्तकातून बोलाइन म्हणून ठाऊक होती. हाताला ती आली त्या दिवशी.

चौथी पायरी : वारा ओळखणे

वाऱ्याचे नाव तो ज्या दिशेकडून येतो त्यावरून पडते आणि प्रवाहाचे नाव तो ज्या दिशेकडे जातो त्यावरून. म्हणजे पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो, पण पश्चिमेचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. हा भेद पहिल्याच आठवड्यात पक्का करावा.

पावसाळा सरल्यावर आपल्या किनाऱ्यावर बहुतेक दिवशी वाऱ्याचा एक नेम दिसतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, सकाळी मध्ये केव्हातरी वारा पडतो आणि जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. नवशिक्यांचे वर्ग दुपारी भरतात, ते या खाऱ्या वाऱ्यासाठी.

वारा नावेच्या ज्या बाजूवर येतो ती विंडवर्ड आणि तिच्या विरुद्धची, आडोशाची बाजू ली किंवा लीवर्ड. वारा ज्या किनाऱ्याकडे लोटत नेतो, तो ली शोअर. ठाणे खाडीत दुपारचा पश्चिमेचा वारा असताना वाशी-नेरूळचा किनारा हा ली शोअर ठरतो : दोर तुटला, शीड फाटले, तर नाव नवी मुंबईच्या चिखलात आणि तिवरांत जाऊन अडकणार. त्यामुळे त्या बाजूने निघणाऱ्यांनी किनाऱ्यापासून मोकळे पाणी राखूनच शिडाशी खटपट करावी.

कोणतीही शिडाची नाव थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 45 अंशांचा पट्टा तिला बंद असतो; त्यात शिरले की शीड नुसते फडफडते आणि नाव थांबते. या पट्ट्याच्या कडेकडेने जाण्याला क्लोज हॉल्ड म्हणतात, आणि तेव्हा शीट जवळजवळ पूर्ण आत ओढलेली असते. वारा बरोबर बगलेवर घेऊन जाणे म्हणजे बीम रीच. शीड अर्धे बाहेर, नाव चपळ आणि सुकाणू हलके, म्हणून नवशिक्यांनी पहिले काही दिवस याच चालीवर काढावेत. वारा पाठीवर घेऊन जाणे म्हणजे रन. हे ऐकायला सोपे वाटते, पण शीड पूर्ण बाहेर असते आणि वारा जरासा बाजू बदलला तरी बूम एका फटक्यात दुसरीकडे येते, म्हणून मला विचाराल तर सर्वांत जास्त लक्ष इथेच हवे.

वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ठिकाणी पोहोचायचे तर घाटातल्या वळणांसारखे नागमोडी जावे लागते. या वळणांत बो वाऱ्यातून फिरवली जाते, त्याला टॅक करणे म्हणतात. सुकाणू धरणारा आधी ‘रेडी अबाउट’ असे विचारतो, सोबती शीट हाती घेऊन ‘रेडी’ म्हणतो, मग ‘ली हो’ असे पुकारून टिलर आडोशाच्या बाजूला ढकलला जातो. सगळे मान खाली घालून बाजू बदलतात. सोबत्याचे ‘रेडी’ ऐकल्याशिवाय टिलर ढकलू नये. स्टर्न वाऱ्यातून फिरवणे म्हणजे जाइब. त्यात बूम वेगाने येते, म्हणून आधी शीट आत ओढून घ्यावी, बूम मधोमध आणावी, वळावे आणि मगच शीट हळूहळू सोडावी. वारा स्टारबोर्ड बाजूवर घेतला असेल तर नाव स्टारबोर्ड टॅकवर आहे असे म्हणतात, पोर्टवर घेतला असेल तर पोर्ट टॅकवर. हे नाव पुढे नियमांत लागते.

पाचवी पायरी : पाणी वाचणे

ठाणे खाडी उथळ आहे. ओहोटीला दोन्ही काठांना चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. रोहित पक्षी त्याच चिखलासाठी इथे येतात आणि ऐरोलीहून ते पाहायला नेणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात. शिडाच्या नावेला तर याहून जास्त काळजी घ्यावी लागते.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत कमी, ती भांगाची भरती. मुंबईच्या परिसरात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब असा, की पक्षातल्या तिथीची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज आहे, यात अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर धरावे, पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या जवळ समजावे आणि खाडीत जितके आत जाल तितके पाणी उशिरा पोहोचते हे विसरू नये. निघायच्या दिवशी छापील भरतीचे कोष्टक पाहणे आवश्यकच आहे. तिथीचा हिशोब त्या कोष्टकातली चूक किंवा आपली वाचण्यातली चूक पकडायला उपयोगी पडतो.

पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी एक भाग पाणी चढते. चढ 3.6 मीटर असेल तर पहिल्या तासात 30 सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 90 सेंटिमीटर. मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोरदार असतो, आणि वारा त्याच्या उलट असेल तर छोट्या, उभ्या, त्रासदायक लाटा उठतात. अशा वेळी नवशिक्याने जेटीवर थांबलेले बरे.

नाव पाण्यात किती खोल बसते त्याला ड्राफ्ट म्हणतात आणि पाण्याच्या वर तिची उंची किती त्याला एअर ड्राफ्ट. खाडीवर वाशीचे आणि ऐरोलीचे पूल असल्याने इथे दोन्ही आकडे पाठ असावे लागतात : ओहोटीला तळ लागण्याची भीती आणि भरतीला पुलाखाली डोलकाठी अडकण्याची.

नांगर टाकताना दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा. याला स्कोप म्हणतात. खोली मात्र भरतीची धरायची. ओहोटीला 2 मीटर पाणी असेल आणि ते 4 मीटर चढणार असेल, तर हिशोब 6 मीटरचा, म्हणजे दोर 30 मीटर. दोन मीटर पाहून दहा मीटर दोर सोडणाऱ्याची नाव भरतीला नांगरासकट वाहून जाते.

खोली मोजण्याचे इंग्रजी माप फॅदम, म्हणजे सहा फूट. दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढे, आपल्या कोळ्यांची वाव. सागरी मैल 1852 मीटरचा असतो आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. ‘ताशी दहा नॉट’ असे म्हणू नये, कारण तास त्यात आधीच आलेला आहे.

सहावी पायरी : कोणी कोणाला वाट द्यायची

समुद्रावरचे नियम 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेले आहेत. दोन शिडाच्या नावा वेगवेगळ्या टॅकवर समोरासमोर आल्या तर पोर्ट टॅकवरच्या नावेने बाजूला व्हायचे. दोन्ही एकाच टॅकवर असतील तर विंडवर्डच्या नावेने लीवर्डच्या नावेपासून दूर राहायचे. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच अंतर राखायचे. इंजिनाच्या बोटी साधारणपणे शिडाच्या नावेला वाट देतात, परंतु अरुंद मार्गातच चालू शकणाऱ्या मोठ्या बोटीच्या आड शिडाच्या नावेने येऊ नये.

याहून महत्त्वाचा नियम नवशिक्यांना सहसा कोणी सांगत नाही : जाळे टाकून मासेमारीत गुंतलेल्या नावेला शिडाच्या नावेने वाट द्यायची असते. दिवाळे, सारसोळे, चेंदणी अशा कोळीवाड्यांची या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका आहे. पाण्यावर तरंगणारे बोये किंवा रोवलेले खुंट दिसले की तिथे जाळे आहे असेच समजून लांबून वळसा घालावा. सेंटरबोर्ड जाळ्यात अडकला तर आपली दुपार वाया जाते, पण त्या घराचे महिन्याचे गणित बिघडते.

सातवी पायरी : बिघडले तर

लाइफ जॅकेट जेटीवरच घालून बांधावे, नावेत बसल्यावर नव्हे. नाव उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नये. उलटलेली नाव तरंगते आणि दुरून दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही. सेंटरबोर्डवर उभे राहून वजन टाकले की शिकाऊ नाव सरळ होते. कोणी पाण्यात पडले तर ‘मॅन ओव्हरबोर्ड’ असा मोठ्याने पुकारा करावा आणि एकाने दुसरे कोणतेही काम न करता त्या व्यक्तीकडे सतत बोट दाखवत राहावे. रेडिओवर संकटाचा शब्द ‘मेडे’, तीनदा, व्हीएचएफच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर. फोनवरून तटरक्षक दलाचा क्रमांक 1554.

परत आल्यावर

नाव गोड्या पाण्याने धुवावी, दोर गुंडाळून सुकत टाकावेत, शीड ओले असताना घडी करू नये. हे आटोपल्यावर एका वहीत त्या दिवसाची नोंद त्याच शब्दांत करावी, जे शब्द पाण्यावर वापरले. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे : वद्य चतुर्थी, भरती तीनच्या सुमारास, वारा वायव्येचा, साधारण 8 नॉट, जेटीवरून स्टारबोर्ड टॅकवर निघालो, चार टॅक, एक जाइब, परतताना बीम रीच, पेंटरला बोलाइन, ओहोटीसाठी 5 मीटर दोर सैल ठेवला.